शोधनिबंध कोठे धाडावा? शास्त्रपरीक्षेचा विसर पडू नये

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायाचा प्रारंभ रोगवर्णनाने होत नाही, औषधयोगानेही होत नाही. तो होतो ग्रंथाच्या निवडीने. ज्यास वैद्य व्हावयाचे आहे त्याने सर्वप्रथम शास्त्राची परीक्षा करावी, कारण वैद्यांसाठी म्हणून नाना प्रकारची शास्त्रे लोकांत प्रचलित असतात, असे आचार्य सांगतात आणि मग ग्राह्य शास्त्राची लक्षणे एकामागून एक मोजतात. कीर्तिमान व धीर पुरुषांनी ते सेविलेले असावे, आप्तजनांनी त्याचा आदर केलेला असावा, त्यात पुनरुक्तीचा दोष नसावा, मांडणी क्रमाने आलेली असावी, प्रकरणांची सरमिसळ नसावी आणि अर्थाच्या निश्चयाला त्यात प्राधान्य असावे. शास्त्रपरीक्षेनंतर आचार्यपरीक्षा येते, मग अध्ययनविधी आणि त्यापुढे तद्विद्यसंभाषा. हा क्रम आपण सर्वांनी पदवी अभ्यासक्रमात पाठ केला, उत्तरपत्रिकेत लिहिला आणि बहुधा तेथेच ठेवून दिला.

त्याचे स्मरण करून देण्याचे कारण असे की, आज वैद्यांपुढे शास्त्रांची नव्हे तर संशोधनपत्रिकांची गर्दी झाली आहे. आपल्या जिल्ह्यांतील बहुतेक वैद्यांच्या संगणकावर वा मोबाइलवर दर आठवड्याला एखादे तरी निमंत्रण येते. 'आदरणीय महोदय, आपला शोधनिबंध आमच्या आंतरराष्ट्रीय पत्रिकेत तीन दिवसांत प्रसिद्ध करू, सोबत प्रमाणपत्र देऊ' असा त्याचा सर्वसाधारण मजकूर असतो. पदव्युत्तर विद्यार्थ्याला निबंध हवा असतो, अध्यापकाला पदोन्नती हवी असते, दवाखान्याच्या वैद्याला भिंतीवर लावण्याजोगे काही हवे असते, तर औषधनिर्मात्याला आपल्या योगाच्या माहितीपत्रकात छापता येईल असा एखादा संदर्भ हवा असतो. गरज खरी आहे, आणि गरजवंताला अक्कल नसते ही म्हण या बाजारात पुरेपूर वसूल केली जाते.

यादीच्या आधाराने किती काळ चालणार?

काही वर्षांपूर्वीपर्यंत या प्रश्नाचे एक सोपे उत्तर होते, ते म्हणजे शासकीय यादी पाहावी. त्या याद्यांचा इतिहास बोधप्रद आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१७ मध्ये मान्यताप्राप्त पत्रिकांची यादी प्रसिद्ध केली. तिचा एक मोठा भाग विद्यापीठांच्या शिफारशींवरून भरलेला होता. आयुर्वेदविषयक संशोधनासाठी आपणां सर्वांना परिचित असलेले पुण्याचे प्रा. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भागातील १००९ पत्रिकांची छाननी करून २०१८ मध्ये 'करंट सायन्स' या पत्रिकेत निष्कर्ष मांडले. त्यांपैकी सुमारे ३५ टक्के पत्रिकांचा पत्ता, संकेतस्थळ वा संपादकांची नावे अशी प्राथमिक माहितीच चुकीची होती किंवा मिळत नव्हती. आणखी सुमारे ५२ टक्के पत्रिका खोटे क्रमांक, खोटे प्रभावांक वा तत्सम कारणांनी बाद ठरल्या. कसोटीला उतरल्या त्या केवळ ११२, म्हणजे शंभरांत जेमतेम अकरा. मे २०१८ मध्ये आयोगाने ४३०५ पत्रिका यादीतून काढून टाकल्या. त्यानंतर २०१९ मध्ये 'केअर' ही नवी यादी आली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केल्याचे जाहीर केले. आता पत्रिका कशी पारखावी याच्या सूचक कसोट्या तेवढ्या दिल्या असून निवडीचा भार विद्यापीठांवर, महाविद्यालयांवर आणि अंतिमतः लेखकावर टाकला आहे.

या निर्णयावर पुष्कळांनी नाराजी व्यक्त केली. माझे मत वेगळे आहे. यादी ही कुबडी होती. नाव यादीत आहे एवढे पाहून निबंध धाडण्याची सवय लागली आणि पत्रिका उघडून वाचण्याची सवय सुटली. आचार्यांनी शास्त्रपरीक्षा सांगितली ती शिष्याला उद्देशून. राजाने ग्रंथांची यादी काढावी आणि शिष्याने ती मुकाट पाळावी, असे त्यांनी कोठेही म्हटलेले नाही.

हा विषय केवळ अध्यापकांचा नाही

'आम्ही दवाखाना चालवतो, आम्हाला शोधनिबंधाशी काय कर्तव्य?' असा प्रश्न काही बंधू विचारतात. औषधनिर्माते तर हा विषय महाविद्यालयांचा म्हणून बाजूला सारतात. त्यांनी गुडूचीचे प्रकरण आठवावे. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात गुळवेलीचे सेवन केलेल्या आणि यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांचे वृत्त २०२१ मध्ये एका वैद्यकीय पत्रिकेत प्रसिद्ध केले. जुलै २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाने त्यावर प्रसिद्धीपत्रक काढले. सेवन केलेल्या वनस्पतीची ओळख पटवलेली नाही, गुळवेलीसारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही दुसरी जात तेथे असू शकते, असा त्यातील मुख्य आक्षेप होता. आक्षेप विचारात घेण्याजोगा होता. परंतु प्रसिद्धीपत्रक वृत्तपत्रात दोन दिवस राहते आणि शोधनिबंध संदर्भसूचीत कायमचा राहतो. पुढे २०२२ मध्ये देशातील अनेक केंद्रांतील रुग्णांचा अभ्यास आणखी एका पत्रिकेत आला. आता जगात कोठेही एखादा डॉक्टर गुळवेलीविषयी शोध घेऊ लागला तर त्याला प्रथम हे निबंध दिसतात.

त्या दोन वर्षांत अमरावती-अकोल्यातील वैद्यांनी किती रुग्णांना गुळवेल दिली असेल? कोणत्या रूपात, कोणत्या मात्रेत, किती दिवस दिली? कोणाला त्रास झाला, कोणाला झाला नाही? ज्यांना आधीच यकृताचा विकार होता त्यांचे काय झाले? ही माहिती आपल्या केसपेपरांत होती. ती गुळवेलीच्या बाजूने गेली असती किंवा विरुद्ध गेली असती, पण चर्चेत आली असती. ती कपाटात राहिली. गुळवेलीच्या घनवट्या करणाऱ्या निर्मात्यांवर त्या काळात ग्राहकांच्या शंकांचे निरसन करण्याची वेळ आली, तेव्हा त्यांच्या हाती स्वतःचा म्हणून एकही कागद नव्हता.

निर्मात्यांच्या दृष्टीने यात कायद्याचाही भाग आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत २०१० मध्ये समाविष्ट झालेल्या नियम १५८-ब मुळे पेटंट वा प्रोप्रायटरी योगांच्या परवान्यासाठी सुरक्षिततेचा व परिणामकारकतेचा पुरावा आणि प्रकाशित साहित्य यांना महत्त्व आले. ज्या पत्रिकेचा पत्ता सापडत नाही तिच्यातील निबंध फाईलची जाडी वाढवतो. उद्या कोणी जाब विचारला तर तो टिकत नाही.

शिवाय आपल्या भागाकडे सांगण्याजोगे बरेच आहे. पूर्णा खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात, म्हणजे दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या बाजूंना, मूत्राश्मरी व वृक्कविकारांचे रुग्ण ज्या परिस्थितीत आपण पाहतो ती परिस्थिती पुण्या-मुंबईच्या रुग्णालयात पाहावयास मिळणार नाही. अंजनगाव सुर्जी, अकोट व तेल्हारा या तालुक्यांत पानपिंपरीची लागवड होते. आपण जी पिप्पली वापरतो ती आपल्या शेजारच्या मळ्यात वाढते, तिची तोडणी, वाळवण व साठवण डोळ्यांनी पाहता येते. तोडणीच्या वेळचा पक्वतेचा टप्पा आणि गुणांत पडणारा फरक या एका विषयावर वैद्य, शेतकरी व निर्माता यांनी एकत्र काम केले तर देशभर वाचला जाईल असा निबंध होऊ शकतो. मेळघाटातील वनस्पतींविषयी तर बोलावयासच नको. एवढी सामग्री तीन दिवसांत प्रमाणपत्र देणाऱ्या पत्रिकेच्या हवाली करणे म्हणजे उत्तम प्रतीची पिप्पली किडक्या पोत्यात भरून ठेवण्यासारखे आहे.

पत्रिकेची परीक्षा

काष्ठौषधी खरेदी करताना आपण काय करतो? व्यापाऱ्याचा शब्द ऐकतो, पण पोते उघडून पाहतो. मूळ मोडून पाहतो, वास घेतो, जिभेवर ठेवतो, शंका आली तर नमुना तपासणीस देतो. पत्रिकेलाही हाच न्याय लावावा.

प्रथम तिचे मागील दोन-तीन अंक वाचावेत. आपल्या विषयाचे निबंध त्यात आहेत का? एकाच अंकात आमवात, सिमेंटचे बांधकाम आणि बँकांचे व्यवस्थापन असेल तर असंकुल प्रकरणाचे लक्षण तेथेच मोडले. निबंध कोणत्या दिवशी आला, सुधारून कधी आला आणि कधी स्वीकारला, या तारखा पुष्कळ चांगल्या पत्रिका छापतात. आल्यापासून स्वीकारापर्यंत चार दिवसांचे अंतर असेल तर तो निबंध कोणी वाचला असण्याचा संभव फार थोडा.

दुसरे, संपादक मंडळ पाहावे. त्यातील एखाद्या परिचित नावाला दूरध्वनी करून विचारावे. आपले नाव तेथे आहे हे ज्यांना ठाऊकच नाही अशा संपादकांची उदाहरणे कमी नाहीत. हैदराबादच्या ओमिक्स समूहाविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ मध्ये दावा दाखल केला, त्यातील आक्षेपांत परीक्षणाविषयीच्या दिशाभूल करणाऱ्या दाव्यांबरोबर नामवंतांच्या नावांचा असा वापरही होता. मार्च २०१९ मध्ये तेथील न्यायालयाने ५ कोटी डॉलरहून अधिक रकमेचा निर्णय त्या समूहाविरुद्ध दिला.

तिसरे, क्रमांक आणि मुद्रा यांनी दिपून जाऊ नये. आयएसएसएन हा केवळ नियतकालिकाचा ओळखक्रमांक आहे. मोटारीला क्रमांकपट्टी असते, म्हणून ती चालवणाऱ्याला मोटार चालवता येते असे सिद्ध होत नाही. गूगल स्कॉलरमध्ये दिसणे ही गुणवत्तेची खूण नव्हे. प्रभावांक हा शब्द निरनिराळ्या विशेषणांसह कोणीही छापतो. क्लॅरिव्हेट ही संस्था जो मोजते तोच सर्वमान्य, आणि तो नसणे हाही दोष नव्हे. स्कोपसमध्ये नोंद असल्याचा दावा असेल तर तो पत्रिकेच्या संकेतस्थळावर न पाहता स्कोपसच्या संकेतस्थळावर पडताळावा. २००३ पासून चालू असलेली मुक्त पत्रिकांची डीओएजे ही सूची आणि १९९७ मध्ये स्थापन झालेली प्रकाशननीतीची कोप ही संस्था यांच्याबाबतही तसेच करावे. नामांकित पत्रिकेचे हुबेहूब नकली संकेतस्थळ उभे करण्याचे प्रकारही होत असल्याने पत्ता अक्षरशः तपासावा.

चौथे, शुल्क. शुल्क घेणारी प्रत्येक पत्रिका वाईट आणि न घेणारी प्रत्येक चांगली, असा समज दोन्ही बाजूंनी चुकीचा आहे. मुक्त वाचनासाठी ठेवलेल्या अनेक प्रतिष्ठित पत्रिका लेखकाकडून शुल्क घेतात. पाहावयाचे ते हे की, शुल्क आधीच स्पष्ट लिहिलेले आहे का, आणि ते स्वीकाराच्या निर्णयापासून वेगळे ठेवले आहे का. 'आज रात्रीपर्यंत भरल्यास सवलत' ही भाषा कापड दुकानाला शोभते.

या परीक्षेला उतरतील अशी ठिकाणे आपल्या क्षेत्रात आहेत. एकेका रुग्णाचे सविस्तर वृत्त असेल तर नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेची केवळ रुग्णवृत्तांना वाहिलेली पत्रिका आहे. चिकित्सेविषयीच्या अभ्यासासाठी जामनगरची 'आयु', २०१० पासून निघणारी 'जर्नल ऑफ आयुर्वेद अँड इंटिग्रेटिव्ह मेडिसिन' आणि केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान संशोधन परिषदेच्या पत्रिका आहेत. परिषदेची औषधसंशोधनासाठी वेगळी पत्रिका असून निर्मात्यांनी ती अवश्य पाहावी. लोकपरंपरेतील ज्ञानासाठी 'इंडियन जर्नल ऑफ ट्रॅडिशनल नॉलेज' २००२ पासून आहे. कोणती निवडावी हे निबंध लिहून झाल्यावर ठरवू नये. अगोदर पत्रिका ठरवावी, तिच्या लेखकांसाठीच्या सूचना वाचाव्यात आणि मग लेखणी उचलावी. निम्मे निबंध विषयाबाहेरचे म्हणून वा सूचना न पाळल्यामुळे संपादकाच्या मेजावरूनच परत आले तर नवल नाही.

तज्ज्ञपरीक्षण म्हणजे संधाय संभाषा

निबंध पोहोचला की संपादक तो चाळतो, उताऱ्यांची नक्कल तपासणाऱ्या प्रणालीतून काढतो आणि योग्य वाटल्यास दोन वा अधिक परीक्षकांकडे पाठवतो. परीक्षकांची नावे बहुधा लेखकाला कळत नाहीत; काही ठिकाणी लेखकाचे नावही परीक्षकाला कळू दिले जात नाही. काही आठवड्यांनी वा महिन्यांनी निर्णय येतो. तो स्वीकार, किरकोळ दुरुस्ती, मोठी दुरुस्ती किंवा नकार यांपैकी एक असतो. पहिल्याच फेरीत निखळ स्वीकार क्वचितच होतो. 'मोठी दुरुस्ती' असे पत्र आले म्हणजे दार उघडे आहे, हे नवख्या लेखकाने समजून घ्यावे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. दर्यापूरच्या एखाद्या वैद्याने आमवाताच्या बारा रुग्णांवर सिंहनाद गुग्गुळ, एरंडतैल व रास्नासप्तक क्वाथ यांचा परिणाम लिहून पाठवला. परीक्षकाचे प्रश्न साधारण असे येतील. आमवाताचे निदान कोणत्या लक्षणांवरून केले, आणि ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणावयाचे असेल तर २०१० चे आंतरराष्ट्रीय निकष लावले का? हे रुग्ण त्याच वेळी मेथोट्रेक्झेट वा स्टिरॉइड घेत होते का? क्वाथातील रास्ना म्हणजे कोणती वनस्पती? बारा रुग्ण लिहिले आहेत, पण आले किती आणि मध्येच सोडून किती गेले? कोणाला अतिसार वा अन्य त्रास झाला का? लेखी संमती घेतली का, नीतिसमितीची मान्यता आहे का?

हे प्रश्न वाचून आपल्यापैकी पुष्कळांना राग येतो. 'परीक्षकाला आयुर्वेद कळत नाही' असा शेरा मारून निबंध दुसरीकडे, शुल्क घेऊन मुकाट छापणाऱ्याकडे, जातो. पण प्रश्न पुन्हा शांतपणे वाचावेत. रास्ना कोणती, हा प्रश्न आपल्याच द्रव्यगुणशास्त्राचा आहे. उत्तरेकडे प्लुचिया लँसिओलाटा, दक्षिणेत अल्पिनिया गॅलंगा, बंगालकडे व्हँडा या नावाखाली वापरली जाते. संदिग्ध द्रव्यांचे प्रकरण आपण शिकलो ते याचसाठी. सोडून गेलेल्या रुग्णांची संख्या विचारणे म्हणजे उपशय-अनुपशय दोन्ही सांगा असे म्हणणेच होय. ज्यांना गुण आला तेवढेच मोजणारा वैद्य स्वतःलाच फसवतो.

काही वेळा मात्र परीक्षकाला खरोखरच आयुर्वेद कळलेला नसतो, हेही मान्य केले पाहिजे. प्रकृतिभेदाने मात्रा बदलली याला तो दोष मानतो, किंवा संपूर्ण योगाऐवजी एकच 'सक्रिय घटक' सांगा म्हणतो. अशा वेळी गप्प बसू नये आणि भांडूही नये. परीक्षकाचा प्रत्येक मुद्दा उतरवून घ्यावा, त्याखाली आपले उत्तर लिहावे, जेथे बदल केला तेथे पान व ओळ सांगावी आणि जेथे मतभेद आहे तेथे ग्रंथाधार व युक्ती देऊन सौम्य शब्दांत तो नोंदवावा. न्याय्य उत्तर संपादक मान्य करतो. परिभाषेच्या बाबतीत आता आधारही मिळाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये आयुर्वेदाची प्रमाण परिभाषा प्रसिद्ध केली आणि जानेवारी २०२४ मध्ये रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांतील संज्ञांना स्थान मिळाले. आमवाताचे ओढूनताणून इंग्रजी नाव करण्यापेक्षा संज्ञा तशीच ठेवून तिचा संकेत देणे आता शक्य आहे.

चरकाचार्यांनी संभाषेचे दोन प्रकार सांगितले, संधाय आणि विगृह्य. ज्ञानसंपन्न, न रागावणाऱ्या, मत्सर नसलेल्या विद्वानाशी मैत्रीने करावयाची ती संधाय संभाषा. तेथे निःशंकपणे विचारावे आणि विचारले असता निःशंकपणे सांगावे, असा तिचा भाव आहे. सूत्रस्थानात चैत्ररथ वनातील परिषदेचे वर्णन येते. रस किती, या प्रश्नावर भद्रकाप्यांनी एक म्हटले, कोणी दोन, कोणी तीन, असे करीत कांकायनांनी अगणित म्हटले आणि शेवटी पुनर्वसु आत्रेयांनी सहा हा निर्णय कारणांसह दिला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, जी मते मान्य झाली नाहीत तीही मांडणाऱ्याच्या नावासह संहितेत जपली गेली. कोणाचा अपमान झाला नाही. ज्या परंपरेने हे केले तिच्या वारसांनी परीक्षकाच्या दोन पानी पत्राने विचलित व्हावे, हे शोभत नाही.

विद्यमान परीक्षणपद्धती निर्दोष आहे असे माझे म्हणणे नाही. २०१३ मध्ये 'सायन्स' या पत्रिकेच्या वार्ताहराने मुद्दाम चुका पेरलेला बनावट निबंध ३०४ मुक्त पत्रिकांकडे पाठवला, तेव्हा १५७ पत्रिकांनी तो स्वीकारला. परीक्षणाचे नाव लावणे आणि परीक्षण करणे यांतील अंतर यावरून स्पष्ट होते. म्हणूनच निवड आधी आणि परीक्षण नंतर, हा क्रम महत्त्वाचा.

अडचणी आणि उपाय

दवाखान्याच्या वैद्यापुढील अडचणी मला ठाऊक आहेत. इंग्रजीची अडचण सांगितली जाते. आधी मराठीत स्वच्छ लिहावे, मग जाणकाराच्या साहाय्याने भाषांतर करावे. छोटी, सरळ वाक्ये परीक्षकाला चालतात. संगणकीय लेखनसाधनांचे साहाय्य घेतले तर ते पत्रिकेच्या नियमाप्रमाणे नमूद करावे, आणि ती साधने अस्तित्वात नसलेले संदर्भही बेमालूम तयार करून देतात हे विसरू नये. सहलेखक म्हणून त्याचेच नाव घालावे ज्याने काम केले आहे. संस्थाप्रमुखाला नैवेद्य दाखवल्यासारखे नाव जोडणे बंद व्हावे.

नीतिसमितीसाठी जवळच्या आयुर्वेद महाविद्यालयाशी काम सुरू करण्यापूर्वीच संपर्क साधावा. रुग्णांवरील चाचणी असेल तर २००७ मध्ये सुरू झालेल्या सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत तिची नोंद करावी. ही नोंद विनामूल्य आहे, परंतु १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच ती करावी लागते. निबंध लिहिताना या गोष्टी आठवल्या तर वेळ निघून गेलेली असते. वनस्पतीची ओळख पटवून देण्यासाठी अमरावतीची १९२३ मध्ये किंग एडवर्ड कॉलेज म्हणून सुरू झालेली शासकीय विदर्भ ज्ञानविज्ञान संस्था आहे, अकोल्यात १९६९ मध्ये स्थापन झालेले डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. नमुना, त्याचा क्रमांक आणि ओळखीचे पत्र या तीन गोष्टींअभावी चांगले निबंध अडकतात, आणि त्या तीनही आपल्या दोन शहरांत मिळण्यासारख्या आहेत.

संघटनेने काय करावे

शेवटी आपल्या संघटनेपुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, अमरावती व अकोला येथील महाविद्यालयांतील अनुभवी अध्यापक, एक दवाखाना चालवणारा वैद्य आणि एक संख्याशास्त्रज्ञ यांचे छोटे वाचकमंडळ असावे. सभासदाने निबंध बाहेर धाडण्यापूर्वी या मंडळाने तो वाचावा आणि परीक्षक जे विचारणार ते आधीच विचारावे. दुसरी, सर्व सभासदांसाठी एकसारखा केसपेपर छापावा, ज्यात औषधाचा निर्माता, बॅच क्रमांक, अनुपान, चालू असलेली अन्य औषधे आणि झालेला त्रास यांसाठी रकाने असतील, व सोबत मराठीतील संमतिपत्र असेल. सभासद निर्मात्यांनी प्रत्येक बॅचमधील काष्ठौषधीचा नमुना ओळखपत्रासह जपून ठेवावा, म्हणजे वैद्याचा केसपेपर आणि निर्मात्याचा नमुना यांची सांगड घालता येईल.

तिसरी सूचना आपल्या या त्रैमासिकाविषयी आहे आणि ती काहींना रुचणार नाही. त्याला क्रमांक घेऊन 'आंतरराष्ट्रीय तज्ज्ञपरीक्षित' असे बिरुद मुखपृष्ठावर लावण्याचा मोह आपण टाळावा. हे आपले मत-विचारांचे, अनुभवांच्या देवाणघेवाणीचे पत्र आहे, आणि तसे असणे कमीपणाचे नाही. ज्या दिवशी आपल्याकडे खरोखर परीक्षक असतील, ते निबंध परत पाठवतील आणि आपण ते परत पाठवणे सहन करू, त्या दिवशी बिरुदाचा विचार करावा. तोपर्यंत सभासदांनी अन्यत्र प्रसिद्ध केलेल्या निबंधांचे मराठी सारांश आपण येथे छापावेत आणि लेखकाची हरकत नसेल तर परीक्षकांनी काय विचारले व त्याने काय उत्तर दिले तेही छापावे. नव्या लेखकाला त्यातून जे शिकता येईल ते कार्यशाळेच्या प्रमाणपत्रातून शिकता येणार नाही.

नकाराचे कारण सांगणारे एक पत्र, विचार न करता दिलेल्या दहा स्वीकारपत्रांपेक्षा वैद्याच्या अधिक उपयोगाचे असते, कारण पुढच्या रुग्णाचा केसपेपर त्याच्यामुळे अधिक नीट लिहिला जातो. येत्या त्रैमासिक सभेत या तीन सूचनांवर चर्चा व्हावी आणि वाचकमंडळासाठी नावे सुचवली जावीत, ही विनंती.